जुनाट दुखणं आणि बीपी : सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईची कंबर आणि डावा पाय गेली नऊ वर्षं दुखतोय, मणक्यातली गादी सरकलीय आणि नस दबलीय. त्यातली चार वर्षं तिचं बीपी काही केल्या आटोक्यात येत नव्हतं, एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असेल हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारून, वाचून आणि मुख्य म्हणजे घरी रोज वहीत लिहून जे कळत गेलं ते इथे टाकतेय, कारण नातेवाईकांपासून ते आईच्या भिशीतल्या बायकांपर्यंत सगळे मला हेच प्रश्न विचारतात. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे इथलं वाचून कुठली गोळी स्वतःहून बंद किंवा चालू करू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र इथून नक्की घेऊन जा.

दुखण्याने खरंच बीपी वाढतं का?

हो, वाढतं. बर्फाच्या पाण्यात हात बुडवला की थोड्याच वेळात तो ठणकायला लागतो ना, त्याच वेळी दुसऱ्या हाताचं बीपी मोजलं तर ते वर गेलेलं दिसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राऊन या दोन डॉक्टरांनी १९३२ मध्ये हीच गोष्ट तपासणी म्हणून वापरली आणि अजूनही संशोधनात ती वापरतात (हार्टचा त्रास किंवा बीपी असलेल्यांनी घरी हा प्रयोग करू नका). होतं काय की दुखलं की मेंदूला धोका आहे असा निरोप जातो, मग अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही हार्मोन्स रक्तात येतात, हृदय जोरात धडधडतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि आवळलेल्या पाइपातून तेवढंच रक्त ढकलायचं म्हणजे प्रेशर वाढणारच. वरचं बीपी १०-२० ने सहज वर जातं, काहींचं त्याहून जास्त.

पण ते तेवढ्यापुरतंच ना? रोज दुखणाऱ्याला सवय होत नाही का?

सगळ्यांना असंच वाटतं, आम्हालाही वाटायचं, की नऊ वर्षं झाली आता हिला काय दुखण्याचं एवढं, सवय झाली असेल. चेहऱ्याला सवय होते, आतल्या नसांना होत नाही.

आपल्या मानेत दोन्ही बाजूंना ज्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात (हात लावला की ठोका लागतो तिथेच) त्यांच्या भिंतीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत प्रेशर ओळखणाऱ्या बारीक नसा असतात, बॅरोरिसेप्टर म्हणतात त्यांना. बीपी वर गेलं की या नसा मेंदूच्या देठाला कळवतात आणि तिथून दोन गोष्टी होतात, एक म्हणजे हृदयाला सबुरीने घे असा निरोप जातो आणि बीपी खाली येतं, आणि दुसरी म्हणजे दुखण्याची जाणीवच थोडी दाबली जाते. म्हणजे धडधाकट माणसात वाढलेलं बीपी दुखणं थोडं कमी करतं, शरीराचा हा स्वतःचा ब्रेक आहे. ज्यांना बीपी आहे पण दुखणं नाही अशा लोकांना टोचणं-भाजणं कमी जाणवतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

जुनाट दुखण्यात, म्हणजे ३ महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्यात, हा ब्रेक ढिला पडत जातो. बीपी वाढतं पण त्याने दुखणं दबत नाही, काहींमध्ये तर जितकं बीपी जास्त तितकं दुखणं जास्त असं उलटंच दिसतं. दुखणं बीपीला वर ढकलतं आणि खाली आणणारी यंत्रणा थकलेली. अमेरिकेत २००५ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात जुनाट दुखण्याच्या पेशंटपैकी ३९ टक्के लोकांना बीपी होतं आणि दुखणं नसलेल्या इतर पेशंटमध्ये २१ टक्के लोकांना. यावरून दुखण्यामुळेच बीपी झालं असं छातीठोक सांगता येत नाही, कारण दुखणाऱ्या माणसाचं चालणं कमी होतं, वजन वाढतं, झोप जाते, पेनकिलर चालू असते, आणि या प्रत्येक गोष्टीने बीपी वाढतं. पण पेशंटच्या बाजूने बघा ना, कारण हे असो की ते, सगळ्याची सुरुवात बरेचदा दुखण्यापासूनच झालेली असते.

सगळ्यांचंच वाढतं का?

नाही. काहींना अचानक जोरात कळ आली की उलट बीपी पडतं, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो. सुई बघून चक्कर येणारे असतात ना, तोच प्रकार. असं झालं तर आडवं करा, पाय उशीवर वर ठेवा, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. बरं वाटलं नाही किंवा छातीत दुखत असेल तर मात्र दवाखाना.

दुखत असताना मोजलेलं बीपी खरं धरायचं का?

खरंच असतं ते, त्या क्षणाचं. पण तेवढ्या एका आकड्यावर गोळी वाढवायची का हा वेगळा प्रश्न आहे.

आईचं सांगते. दवाखान्यात जायचं म्हणजे रिक्षाचे धक्के, मग लाकडी बाकावर तासभर बसणं, आणि बसणं हीच तिची सगळ्यात वाईट पोझिशन. नंबर येईपर्यंत ती एका कुल्ल्यावर तोल टाकून, बाकाची कड घट्ट धरून बसलेली असायची, ओठ मिटलेले. आत गेलं की लगेच पट्टा बांधायचे, रीडिंग १६८/९४. मग "टेन्शन घेऊ नका काकू" आणि नवीन गोळी. एकदा मी घरी परत आल्यावर तिला गुडघ्याखाली दोन उशा देऊन झोपवलं, पंखा लावला, कुणी बोलायचं नाही म्हटलं आणि वीस मिनिटांनी मोजलं तर १४२/८६. तोच दिवस, तीच बाई. त्या दिवसापासून मी वही घातली.

त्यामुळे दोन्ही मोजा. दुखणं कमी असतानाचं आणि जास्त असतानाचं, आणि दोन्हीपुढे दुखणं १० पैकी किती ते लिहा. आरामात असतानाचं रीडिंगही वर असेल तर ते बीपीच आहे, "दुखतंय म्हणून वाढलं असेल" म्हणून सोडून देऊ नका, ही चूक पण खूप जण करतात. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ च्या वर म्हणजे जास्त धरतात, दवाखान्यात १४०/९० च्या वर. शंका राहिली तर २४ तास पट्टा बांधून ठेवायची टेस्ट असते, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा, जुनाट दुखण्यात ती फार कामाची आहे कारण रात्रीचं बीपीही कळतं.

घरी मोजताना काय बघायचं?

लघवी करून यायचं. अर्धा तास आधी चहा, सिगारेट, तंबाखू, मिश्री काही नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या बाहीवरून नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मोजताना अजिबात बोलायचं नाही. एक मिनिट सोडून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. दंड जाड आणि पट्टा छोटा असेल तर रीडिंग खोटंच जास्त येतं, हे कुणी बघतच नाही, मोठा पट्टा वेगळा मिळतो. ज्यांना बसूनच जास्त दुखतं त्यांनी पाठीमागे लोड घ्यावा, नाहीतर पाच मिनिटांची शांतता ही पाच मिनिटांची शिक्षा होते.

पेनकिलरने बीपी वाढतं का? गोळी तर दुखणं कमी करायला घेतो!

वाढतं. आमच्या घरातली खरी भानगड इथेच होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, सूज आणि दुखणं कमी करणारी. शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे दुखतं ते ही औषधं कमी करतात, पण तेच प्रोस्टाग्लँडिन किडनीत रक्त नीट खेळतं ठेवायला आणि जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाकायला लागतं. ते दाबलं की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पायावर सूज येते, बीपी वाढतं. आधीच बीपी असलेल्यांत सरासरी ५ च्या आसपास वाढ दिसते, काहींना काहीच होत नाही आणि काहींचं बरंच वाढतं, आणि तुम्ही कुठल्या गटात हे मोजल्याशिवाय कळत नाही. एटोरिकॉक्सिब तर बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर द्यायचीच नाही असं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही पेनकिलर बीपीच्या गोळीचं काम बिघडवते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल आणि लघवी वाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांचा असर कमी होतो. अ‍ॅमलोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीवर तेवढा परिणाम होत नाही. आता बघा, टेल्मिसार्टन चालू, त्यात पाणी काढणारी गोळी, आणि वर रोज दोन वेळा पेनकिलर, हे त्रिकूट किडनीला खरंच धोक्याचं आहे, उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर जास्तच. आणि हे त्रिकूट कितीतरी घरांत चालू असतं, कारण बीपीच्या गोळ्या एक डॉक्टर देतात, हाडांचे दुसरे आणि पेनकिलर मेडिकलवाल्याकडून तोंडी मागून आणलेली असते.

आईची तशीच होती. एका डॉक्टरांनी कधीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी, ती पुढे तीन वर्षं चालू राहिली, रिकाम्या पाकिटाची पट्टी दाखवली की मेडिकलमधून नवीन मिळायची. बीपी बघणाऱ्यांना ती कधी सांगितलीच नाही कारण तिच्या लेखी ते "औषध" नव्हतंच, ती "दुखायची गोळी" होती, विचारलं की ती फक्त बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या दाखवायची. शेवटी एका नवीन डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीतून आणायला सांगितल्या, तेव्हा ती बाहेर पडली. किडनी कशी आहे ते बघायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेतलं, पेनकिलर बंद करून दुसरा मार्ग काढला आणि दोन महिन्यांत बीपीची एक गोळी त्यांनीच कमी केली. मला आजही त्या तीन वर्षांचं वाईट वाटतं.

एक लक्षात ठेवा, हार्टसाठी दिलेली ७५ ची अ‍ॅस्पिरिन यात धरू नका, त्या डोसने बीपी वाढत नाही आणि ती मनाने बंद करणं धोक्याचं आहे. आणि लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल पोटातल्या गोळीपेक्षा खूपच कमी रक्तात जातं, गुडघ्यासाठी डॉक्टर बरेचदा आधी तेच सुचवतात.

मग पॅरासिटामॉल चालेल ना, ती तर साधी गोळी?

कधीमधी घेतली तर ती बरीच बरी. पण रोज, फुल डोसमध्ये, महिनोन्महिने घेणाऱ्यांसाठी सांगते. एडिंबरामध्ये बीपीच्या ११० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, दिवसाला ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिली तर वरचं बीपी ५ च्या आसपास वाढलं. ताप आला म्हणून दोन दिवस गोळी घेतली तर घाबरायचं कारण नाही. पाण्यात टाकून फसफसणारी गोळी मात्र बीपीवाल्यांनी टाळा, तिच्यात सोडियम असतं, काही ब्रँडमध्ये एका गोळीत साधारण १ ग्रॅम मिठाएवढं.

आयुर्वेदिक पुड्या, काढे यांनी तरी काही होत नाही ना?

नाव-गाव नसलेल्या, कागदात बांधून दिलेल्या संधिवाताच्या पुड्यांपासून कृपया लांब राहा. अशा पावडरींमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडलंय. चार दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटतं, दुखणं गायब, भूक वाढते, मग चेहरा सुजून गोल होतो, बीपी आणि शुगर दोन्ही वाढतात, आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठमधही रोज आणि भरपूर घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं, खोकल्याला एखादी काडी चघळणं वेगळं आणि काढ्यात रोज घालणं वेगळं. तेल लावून मालिश, गरम पाण्याचा शेक यांनी बीपीला काही होत नाही, बरं वाटत असेल तर खुशाल करा.

म्हणजे बीपीसाठी दुखणं सहनच करायचं का?

अजिबात नाही. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं, कारण वरचं सगळं वाचून काही घरांत म्हाताऱ्या माणसाची पेनकिलर काढून घेतली जाते आणि बदल्यात काहीच दिलं जात नाही. आपल्याकडे दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईचं कौतुक होतं, "कधी तक्रार केली नाही हो" म्हणून, आणि ती बाई तशीच ओट्याशी एका पायावर उभी राहून पोळ्या लाटत असते. दुखणं नीट कमी होणं हा बीपीच्या उपचाराचाच भाग आहे.

पर्याय असतात. नसेच्या दुखण्याला, म्हणजे आग होणं, करंट बसणं, मुंग्या येणं यासाठी, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं देतात, नागीण होऊन गेल्यावर राहणारं दुखणंही यातच येतं. यांचेही बीपीशी संबंध आहेत ते माहीत असू द्या. ड्युलोक्सेटिनने बीपी थोडं वाढू शकतं, अ‍ॅमिट्रिप्टिलिनने उठून उभं राहताना चक्कर येते, स्नायू सैल करायच्या टिझानिडीनने बीपी पडू शकतं, प्रीगॅबालिनने पाय सुजतात, आणि अ‍ॅमलोडिपिननेही सुजतात, त्यामुळे दोन्ही चालू असतील तर सूज नक्की कशाची हे डॉक्टरांना ठरवू द्या. मणक्यात किंवा सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही दिवस बीपी-शुगर वर जाऊ शकतं, तेव्हा रोज मोजा. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ पेन क्लिनिक चालवतात, गोळ्यांवर गोळ्या खाऊनही भागत नसेल तर तिथे एकदा जाऊन या.

दुखण्याने झोप होत नाही, त्याचा बीपीवर परिणाम होतो का?

होतो आणि मोठा होतो. रात्री शांत झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली यायला हवं, हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची तेवढीच विश्रांती. कूस बदलली की कळ, कळ आली की जाग, असं रात्रभर चाललं की ते खाली येत नाही. आईला कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायला फिजिओने शिकवलं, त्याने जो फरक पडला तो कुठल्या गोळीने पडला नव्हता. घोरणं फार असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर ते वेगळं तपासा, त्यानेही बीपी हट्टी होतं.

चालायचंच दुखतं तर व्यायाम कसला करणार?

फिजिओथेरपिस्टला विचारून, दुखतंय त्याच्या आतल्या आत. पाच पाच मिनिटं दिवसातून चार वेळा चाललं तरी चालतं, सलग अर्धा तासच पाहिजे असं काही नाही. गुडघेवाल्यांना पाण्यात चालणं सोपं जातं. श्वास रोखून जोर लावायचा नाही, त्याने बीपी उसळतं. सावकाश लांब श्वास सोडायचा सराव दुखण्यालाही आणि बीपीलाही दोन्हीकडे उपयोगी पडतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा सगळं मिळून, लोणचं-पापड-फरसाण धरून. आणि मिश्री, तंबाखू. दुखणं विसरायला म्हणून बायका दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात, निकोटीन प्रत्येक वेळी बीपी वर नेतं.

ऑपरेशन झालं, गुडघा बदलला, दुखणं गेलं. आता बीपीची गोळी बंद?

मनाने बंद नाही, पण मोजणं वाढवा. दुखणं गेलं आणि पेनकिलरही थांबली की तोच जुना डोस जास्त होऊ शकतो, उठताना भोवळ येते आणि नवा गुडघा घेऊन माणूस बाथरूममध्ये पडतो. बसून आणि मग उभं राहून एक-तीन मिनिटांनी, असं दोन्ही मोजा, वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

डोकं दुखतंय म्हणजे बीपी वाढलंय का?

बहुतेक वेळा नाही. थोडं वाढलेलं बीपी काहीच जाणवू देत नाही, म्हणून तर मोजावं लागतं. डोकं दुखतंय म्हणून बीपीची एक जास्तीची गोळी टाकणं ही वाईट सवय आहे.

ताबडतोब कधी जायचं?

छातीत दुखणं, छाती किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं एकदम दुखणं, तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं, बोबडी वळणं, दिसायला कमी होणं, दम लागणं, यातलं काहीही असेल तर बीपी किती आहे ते बघत बसू नका, १०८ ला फोन करा. कंबरदुखीवाल्यांना लघवी-शीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तरी तेच. रीडिंग १८०/१२० च्या वर आहे पण बाकी काही होत नाहीये तर शांत बसवून पाच-दहा मिनिटांनी परत मोजा आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जिभेखाली गोळी ठेवून बीपी धाडकन खाली आणायचा प्रकार करू नका, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो.

पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेल्यांच्या घरच्यांनी हे वेगळं शिकून घ्या. त्यांना खाली दुखलेलं कळत नाही पण तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अगदी पायात रुतलेला बुटाचा बंद, एवढ्यानेही बीपी एकदम चढतं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. त्यांना आडवं न करता बसतं करायचं, कपडे सैल करायचे, कॅथेटर (लघवीची नळी) कुठे पिळला गेलाय का बघायचं आणि मदत बोलवायची.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

सगळ्या गोळ्यांची पिशवी, जेल, पुड्या, काढे, सगळं. आणि वही. आमची वही साधी दोनशे पानी आहे, एका ओळीत तारीख, वेळ, वरचं, खालचं, दुखणं किती, झोप किती तास, कुठली गोळी, आणि शेवटी जागा उरली तर आई स्वतः काहीतरी लिहिते. सुरुवातीच्या पानांवर "स. ७, १६४/९२, दुखणं ८, झोप ३, २ गोळ्या" असं पानच्या पान आहे. परवाची ओळ "स. ७, १३२/८०, दुखणं ४, झोप ६" आणि पुढे तिच्या अक्षरात, "तुळशीपर्यंत काठी न घेता गेले".